लांडगे, मूस आणि त्यांची भूमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तरेकडील थंड प्रदेशांत लांडगे मूस हरणाची शिकार करतात, तेव्हा जंगल, बर्फ, पाणी, चढउतार आणि माणसाने काढलेले रस्ते यांचा त्या शिकारीत किती वाटा असतो, याविषयी वाचक सतत विचारणा करत असतात. वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल आणि एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी जेथे गरज आहे तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मूस म्हणजे नेमका कोणता प्राणी? एल्क आणि मूस एकच का?

मूस हे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर आहे. खांद्यापाशी त्याची उंची दोन मीटरच्या आसपास भरते आणि पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सहज ४०० किलोंच्या पुढे जाते, म्हणजे आपल्याकडील सांबराहून ते बरेच मोठे असते. पाय काटक्यांसारखे लांब, नाक लोंबते आणि नराची शिंगे फावड्यासारखी पसरट असतात. नावाचा घोळ मात्र खरा आहे. युरोपात याच प्राण्याला एल्क म्हणतात, तर उत्तर अमेरिकेत एल्क हे नाव वापिती या निराळ्या हरणासाठी वापरतात. या पानावर सर्वत्र मूस हेच नाव घेतले आहे.

२. लांडग्यांची टोळी म्हटल्यावर मूस मारणे त्यांना सोपेच जात असेल ना?

नाही, आणि पुढची सगळी उत्तरे समजण्यासाठी ही गोष्ट आधी मनात पक्की असणे आवश्यक आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात सुपीरियर सरोवरात आयल रॉयल नावाचे बेट आहे. तेथील लांडगे आणि मूस यांचा अभ्यास १९५८ साली डरवर्ड ॲलन यांनी सुरू केला आणि तो आजही चालू आहे. त्यांचे विद्यार्थी डेव्हिड मेक यांनी हिवाळ्यात छोट्या विमानातून टोळीच्या मागावर राहून शिकारीचे प्रयत्न प्रत्यक्ष पाहिले. लांडग्यांनी ७७ मूस जोखून पाहिले आणि त्यांपैकी फक्त सहा मारले. चाळीस किलोंच्या आसपासच्या लांडग्याला दसपट वजनाच्या जनावराची एक लाथ बरगड्या मोडायला पुरेशी असते. म्हणून टोळी बहुतेक वेळा मूसला उठवते, पळवते, त्याचा दम पाहते आणि निघून जाते. लांडगे मूसची पारख करत हिंडतात असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. ही पारख कोणत्या जागी होते यावर निकाल पुष्कळ अवलंबून असतो.

३. ‘अधिवासाचा शिकारीवर परिणाम होतो’ असे म्हणतात, म्हणजे नेमके काय होते?

एक शिकार तीन पायऱ्यांनी घडते. आधी लांडगे आणि मूस यांची गाठ पडावी लागते, मग लांडग्यांनी हल्ला करायचे ठरवावे लागते आणि शेवटी तो हल्ला तडीस जावा लागतो. भूमीचा परिणाम या तिन्ही पायऱ्यांवर वेगवेगळा होतो, कधी कधी तर अगदी उलट होतो. गोठलेल्या सरोवराच्या काठावर लांडग्यांची ये-जा सतत असते, त्यामुळे तेथे गाठ पडण्याची शक्यता अधिक असते. परंतु त्याच काठावर बर्फ उथळ आणि टणक असेल, तर धडधाकट मूस तेथून सहज निसटतो. याउलट एखाद्या खोलगट, हिमाने भरलेल्या दरीत लांडगे क्वचितच फिरकतात, पण फिरकले तर तेथे सापडलेल्या मूसची सुटका अवघड होते.

‘अमुक जागा धोक्याची’ असे कोणी म्हटले, की प्रथम विचारावे: धोका गाठ पडण्याचा, की गाठ पडल्यावर मरण्याचा? हा भेद न केल्यामुळे दोन प्रामाणिक अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध वाटू लागतात, वस्तुतः त्यांनी वेगवेगळ्या पायऱ्या मोजलेल्या असतात.

४. मग मूससाठी दाट जंगल सुरक्षित की मोकळे मैदान?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

दाट जंगलाच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आहेत. स्प्रूस, फर अशा सूचिपर्णी झाडांच्या फांद्या पडणारे हिम वरच्या वर झेलतात, त्यामुळे खाली जमिनीवरचा थर पातळ राहतो आणि मूसला चालायला कमी कष्ट पडतात. वाऱ्यापासूनही आडोसा मिळतो. जमिनीवर आडवे पडलेले ओंडके लांब पायांचा मूस पाऊल उचलून ओलांडतो, लांडग्यांना मात्र प्रत्येक ओंडक्यावरून उडी घ्यावी लागते. लांडगे पहिला लचका बहुधा मागच्या पुठ्ठ्यावर तोडायला बघतात. पळायचे सोडून उभा ठाकलेला मूस म्हणूनच अनेकदा एखाद्या घनदाट स्प्रूसला पाठ लावतो. मागची बाजू फांद्यांत झाकली जाते, समोर दोन पुढचे खूर मोकळे राहतात आणि टोळीला फक्त त्याच बाजूने जावे लागते. अशा स्थितीत काही मिनिटे वाट पाहून लांडगे निघून गेल्याच्या नोंदी आहेत.

आता दुसरी बाजू पाहू. लांडगे वासावर शिकार शोधतात, त्यामुळे झाडीत लपण्याचा मूसला फारसा उपयोग होत नाही. उलट झाडीमुळे लांडगे अगदी जवळ येईपर्यंत मूसला ते दिसत नाहीत आणि पळायला मिळणारे अंतर घटते. मोकळ्या जागेत लांडगे दुरून दिसतात, पण पाठ टेकायला आडोसा नसतो आणि उघड्यावरचे हिम खोल असेल तर पळणेही कठीण होते. थोडक्यात, पळून सुटणाऱ्या मूसला दूरवर दिसणारी मोकळी, टणक जमीन लाभते आणि उभे राहून लढणाऱ्याला पाठीशी झाडी लाभते. तोच मूस वयानुसार एकातून दुसऱ्यात जातो, त्याविषयी प्रश्न ८ पाहावा.

५. बर्फाची खोली एवढी महत्त्वाची का मानतात?

कारण हिम पडल्यावर त्याच भूमीचे नियम बदलतात. मूसचे पाय लांब असल्यामुळे गुडघाभर हिमाची त्याला फिकीर नसते. पण थर ७५ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचला की त्याची हालचाल स्पष्टपणे आखडते, तो सूचिपर्णी झाडीचा आसरा सोडत नाही आणि थर छातीला लागला की प्रत्येक पाऊल म्हणजे नांगरणी होते. आयल रॉयलवर रॉल्फ पीटरसन आणि ॲलन यांनी १९७४ साली या विषयावर सविस्तर लिहिले. खोल हिमाच्या हिवाळ्यांत सर्वांत जास्त फटका पाडसांना बसतो, कारण त्यांचे पाय आखूड असतात आणि ती आईने पाडलेल्या वाटेवरच अडकून पडतात.

खोलीइतकाच महत्त्वाचा आहे तो वरचा पापुद्रा. दिवसा ऊन पडून हिमाचा पृष्ठभाग वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि त्यावर कडक कवच तयार होते. लांडग्याचा पंजा रुंद, वजन कमी, त्यामुळे तो या कवचावरून धावतो. मूसचा खूर मात्र कवच फोडून आत रुततो, वर काढताना कडांवर नडगी खरचटते आणि काही अंतरानंतर मागच्या वाटेवर रक्ताचे ठिपके दिसू लागतात. सरोवरापासून दूर असलेल्या उतारावरही अशा रात्री धोक्याच्या ठरतात. नकाशावर मात्र तो उतार बाराही महिने सारखाच दिसतो.

हिमाचा परिणाम टोळीच्या आकारावरही होतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आयल रॉयलच्याच एका अभ्यासात असे आढळले, की जास्त हिमाच्या हिवाळ्यांत लांडगे मोठ्या टोळ्यांनी शिकार करतात आणि कमी हिमाच्या वर्षांतील लहान टोळ्यांच्या तुलनेत दिवसाला सुमारे तिप्पट मूस मारतात.

६. लांडगे आले की मूस पाण्यात शिरतो असे ऐकले. पाणी खरेच वाचवते का?

उन्हाळ्यात होय. मूस उत्तम पोहतो आणि पाणवनस्पती खाण्यासाठी तो तसाही तळ्यात उतरतो. त्याचे पाय तळाला टेकतात अशा खोलीत लांडग्याला पोहावे लागते आणि पोहणाऱ्या लांडग्याला ना झेप घेता येते, ना लचका तोडून मागे सरता येते. टोळी काठावर ताटकळते आणि बहुधा कंटाळून जाते.

हिवाळ्यात हेच पाणी बाजू बदलते. गोठलेली सरोवरे आणि नद्या म्हणजे लांडग्यांचे हमरस्ते होत, कारण वाऱ्याने हिम घट्ट बसलेले असते आणि चालणे सोपे जाते. त्यातच वरचे हिम उडून नितळ बर्फ उघडा पडला असेल, तर मूसचे खूर त्यावर घसरतात. उताणा पडलेला मूस उठेपर्यंत टोळी त्याच्यावर असते.

७. पाडस असलेल्या माद्या इतर मूसपेक्षा वेगळ्या जागी का दिसतात?

कारण त्यांच्या हिशेबात चाऱ्यापेक्षा सुरक्षितता वरचढ असते. आयल रॉयलच्या भोवती अनेक लहान बेटे आहेत. पाडस असलेल्या माद्या उन्हाळ्यात या बेटांवर जाऊन राहतात, जेथे लांडगे क्वचित पोहोचतात. तेथे खाण्याची विविधता मात्र कमी असते. १९८० च्या दशकातील अभ्यासांत ही तडजोड स्पष्ट दिसली: एकटे मूस चांगल्या चाऱ्याच्या जागी आणि पाडसवाल्या माद्या कमी चाऱ्याच्या पण सुरक्षित जागी. याच माद्या पर्यटकांच्या तंबूतळांजवळही वावरताना आढळल्या, कारण लांडगे माणसांच्या वर्दळीपासून दूर राहतात. आई आपल्या पाडसासाठी माणसांचाच आडोसा करते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

खोल हिमाच्या हिवाळ्यात मात्र त्यांची कोंडी होते. आसऱ्याची सूचिपर्णी झाडी पुष्कळदा किनाऱ्यालगत असते आणि किनारा हीच लांडग्यांची वाट असते (प्रश्न ६). हिमापासून वाचायला त्या जेथे जातात, तेथेच लांडग्यांशी गाठ पडण्याची शक्यता वाढते.

८. म्हातारे आणि तरणे मूस एकाच ठिकाणी मारले जातात का?

नाही. आयल रॉयलवर दशकानुदशके गोळा केलेल्या शिकारीच्या जागा २०१४ च्या एका अभ्यासात नकाशावर मांडल्या, तेव्हा हिवाळ्यात मारल्या गेलेल्या म्हाताऱ्या मूसच्या जागा बेटाच्या ईशान्य भागातील एकाच पट्ट्यात दाटलेल्या दिसल्या, तर ऐन भरातल्या मूसच्या जागा बेटभर पसरलेल्या तेरा वेगवेगळ्या पट्ट्यांत विखुरलेल्या होत्या. तुलनेने उंचावरच्या, दाट सूचिपर्णी झाडीच्या भागात म्हातारा मूस मारला जाण्याची शक्यता अधिक होती.

यामागची संगती अशी लावता येते. दहा वर्षांच्या पुढे मूसचे दात झिजतात, सांधे आखडतात, कित्येकांच्या नितंबाच्या सांध्यात संधिवात होतो. आयल रॉयलच्या अभ्यासकांनी शिकारीच्या जागी जाऊन जबडे आणि हाडे जमवली आहेत आणि त्यांत हा झिजलेपणा डोळ्यांनी दिसतो: खोबणीत गुळगुळीत फिरायला हवे ते हाडाचे टोक खडबडीत, सच्छिद्र, कडांना वाढलेले. अशा जनावराला लांब पळणे जमत नाही, म्हणून ते पळण्याच्या जागांऐवजी आडोशाच्या जागा निवडते. ‘दाट झाडीत मूस जास्त मरतात’ असे नुसते आकडे पाहून झाडीला दोष देणे म्हणूनच चुकीचे ठरेल. झाडी धोकादायक असते की धोक्यात असलेले जनावर झाडीत जाते, हे वय पाहिल्याशिवाय ठरत नाही.

९. रस्ते आणि जंगलात कापलेले सरळ पट्टे यांमुळे शिकार वाढते का?

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात तेल आणि वायूच्या शोधासाठी जंगलात हजारो किलोमीटर लांबीचे सरळ, अरुंद पट्टे कापले गेले. ठावठिकाणा नोंदवणारे गळपट्टे लावलेल्या लांडग्यांच्या नोंदींवरून दिसले, की अशा पट्ट्यांवर ते जंगलातल्या वेगाच्या दुपटी-तिपटीने चालतात. एका दिवसात अधिक प्रदेश पालथा घातला, की गाठी अधिक पडतात, म्हणजे हा परिणाम मुख्यतः पहिल्या पायरीवरचा आहे (प्रश्न ३). मात्र ज्या रस्त्यावर माणसांची आणि वाहनांची सतत वर्दळ असते, तो लांडगे टाळतात, तेव्हा सगळे रस्ते एका मापाने मोजू नयेत.

१०. जंगल तोडले किंवा जळले तर मूसचा फायदा होतो म्हणतात. मग काळजी कसली?

वणव्यानंतर किंवा तोडीनंतर बर्च, ॲस्पेन, विलो यांची कोवळी रोपे उगवतात, मूसच्या तोंडाला येईल अशा उंचीवर भरपूर चारा मिळतो आणि संख्या वाढते. आयल रॉयलवर १९३६ च्या वणव्यात बेटाचा सुमारे पाचवा भाग जळला आणि पुढची कित्येक वर्षे तो भाग मूसच्या चाऱ्याचा राहिला.

काळजी मूसची नसून कॅरिबूची, म्हणजे उत्तर अमेरिकेतील रेनडिअरची आहे. मूस वाढले की लांडगे वाढतात आणि ते वाढीव लांडगे त्याच प्रदेशातील मोजक्या उरलेल्या कॅरिबूंनाही मारतात. लांडग्यांची संख्या मूसवर टिकून असल्यामुळे कॅरिबू घटले तरी लांडगे घटत नाहीत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात काही भागांत शिकारीचे परवाने वाढवून मूसची संख्या मुद्दाम कमी करण्यात आली, तेव्हा लांडगे कमी झाले आणि कॅरिबूंच्या मोठ्या कळपाची घसरण थांबली. लहान कळपांना मात्र तेवढ्याने आधार मिळाला नाही. तोडलेल्या जंगलाची किंमत मूसला मोजावी लागत नाही, शेजाऱ्याला मोजावी लागते. प्रश्न ९ मधील पट्टेही याच प्रदेशांत असल्यामुळे दोन्ही परिणाम एकत्र येतात.

११. स्वीडन-नॉर्वेमध्ये लांडग्यांना मूस इतके सहज कसे सापडतात?

तेथील जंगल उत्तर अमेरिकेच्या जंगलाहून फार निराळे नाही, तरीही लांडग्यांचे यश कितीतरी अधिक आहे. हिमावरच्या मागांवरून अभ्यासलेल्या हल्ल्यांत जवळपास दर दुसरा हल्ला यशस्वी ठरल्याचे आणि पाठलाग सरासरी शंभर मीटरहूनही कमी असल्याचे आढळले. प्रश्न २ मधील आकड्याशी याची अगदी थेट तुलना करू नये, कारण मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, पण फरक खरा आहे.

कारण इतिहासात आहे. विसाव्या शतकात तेथून लांडगे जवळजवळ नाहीसे झाले आणि १९८३ साली नव्याने प्रजनन सुरू झाले, तोपर्यंत मूसच्या अनेक पिढ्या लांडग्याविना वाढल्या होत्या. उभे ठाकून लढण्याची सवय त्यांच्यात कमी दिसते. अभ्यासकांनी आणखी एक शक्यता मांडली आहे: तेथे दर वर्षी हजारो मूस कुत्र्यांच्या साहाय्याने बंदुकीने मारले जातात आणि भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर ठाण मांडून उभा राहणारा मूस शिकाऱ्याला आयता सापडतो. लांडग्यापुढे जे वर्तन जीव वाचवते, तेच बंदुकीपुढे जीव घेते. म्हणून एका देशातील भूमीचे निष्कर्ष दुसऱ्या देशात नेताना तेथील मूसचा इतिहासही सोबत न्यावा लागतो.

१२. शिकारीच्या जागा शोधतात कशा? त्यात चूक होऊ शकते का?

विमानातून टेहळणी, हिमावरचे माग आणि जीपीएस गळपट्टे या तीन मुख्य पद्धती आहेत. गळपट्ट्याच्या नोंदी एकाच ठिकाणी दाटलेल्या दिसल्या, की तेथे जाऊन सांगाडा आहे का ते पाहतात. मग शिकारीच्या जागांची तुलना त्याच प्रदेशातील यादृच्छिक (चिठ्ठी टाकून निवडाव्यात तशा) जागांशी किंवा जिवंत मूस वावरतात त्या जागांशी करतात. येथेच निष्कर्ष बदलतो. यादृच्छिक जागांशी तुलना केली, तर मूसची आवडती जागाही ‘धोक्याची’ ठरते, केवळ तेथे मूस अधिक असतात म्हणून. दुसरी अडचण अशी, की मोकळ्या बर्फावरचा सांगाडा विमानातून लगेच दिसतो, दाट फरखालचा दिसत नाही. शिवाय हल्ला जेथे सुरू झाला त्या जागेपासून मूस पुष्कळ दूर जाऊन कोसळू शकतो. उन्हाळ्यातील पाडसांच्या शिकारी तर सर्वांत कमी सापडतात, कारण टोळी तासाभरात पाडस संपवते आणि मागे फारसे काही उरत नाही.

१३. भूमी शिकारीवर परिणाम करते, तसा शिकारीचा भूमीवर होतो का?

होतो, आणि तो मातीत मोजता येतो. आयल रॉयलवर पन्नास वर्षांत नोंदलेल्या साडेतीन हजारांहून अधिक मूसच्या सांगाड्यांच्या जागांचा आधार घेऊन २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सांगाड्याखालच्या मातीत नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण आजूबाजूच्या मातीहून १०० ते ६०० टक्क्यांनी अधिक आढळले आणि तेथे उगवलेल्या पानांतही नत्र जास्त होते. दोन-तीन वर्षांनी अशा जागी गेलात, तर केसांचा विस्कटलेला थर, कुरतडलेली हाडे आणि त्यांच्यामधून वर आलेला गडद हिरवा पाला दिसतो. लांडगे शिकार काही भागांतच अधिक करत असल्यामुळे हे खतही जंगलात सारखे न पसरता ठिपक्या-ठिपक्यांनी पडते.

१४. आयल रॉयलचे बेट असणे हाच तेथील निष्कर्षांचा दोष नाही का?

दोष म्हणण्यापेक्षा मर्यादा म्हणावी. सुमारे ५४० चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर अस्वले नाहीत, दुसरे हरीण नाही आणि मूसची शिकार माणसे करत नाहीत. त्यामुळे लांडगा आणि मूस यांचे नाते स्वच्छ दिसते, पण जेथे अस्वलेही पाडसे मारतात, अशा अलास्कासारख्या प्रदेशाला ते जसेच्या तसे लागू होत नाही.

तेथे सर्वांत निर्णायक ठरलेली भूवैशिष्ट्ये दोन आहेत: सरोवर आणि त्यावर थंडीत तयार होणारा बर्फाचा पूल. १९४० च्या दशकाच्या अखेरीस लांडगे याच पुलावरून बेटावर आले. १९८० साली त्यांची संख्या ५० होती, नंतर पार्व्होव्हायरस या कुत्र्यांना होणाऱ्या विषाणूच्या साथीत ती १४ वर आली. १९९७ साली एक नर कॅनडाच्या बाजूने बर्फावरून आला आणि आतल्या आत प्रजनन होऊन खंगलेल्या टोळीत नवे रक्त आले. पुढे असे पूल विरळ होत गेले, २०१६ पर्यंत बेटावर दोनच लांडगे उरले आणि २०१९ पर्यंत मूसची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली. अखेर २०१८ आणि २०१९ मध्ये १९ लांडगे माणसांनी आणून सोडले. बेटावरची झाडी, उतार, किनारे तेच राहिले होते, मात्र पूल नसल्यामुळे त्या सगळ्यांचा अर्थ मूससाठी काही वर्षे बदलून गेला होता.

१५. महाराष्ट्रातील लांडग्यांना यातले काही लागू होते का?

थेट फार थोडे. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या भागांतील माळरानांवरचा लांडगा उत्तरेकडील लांडग्याच्या निम्म्या वजनाचा असतो, टोळ्या लहान असतात आणि तो चिंकारा, काळवीट, ससे व मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांवर जगतो. येथे हिम नाही, उभे ठाकून लढणारे भक्ष्यही नाही. परंतु प्रश्न ३ मधील भेद येथेही तितकाच उपयोगी आहे. लांडगा कोठे वावरतो आणि तो मेंढी कोठे उचलतो, या दोन जागा एक नसतात. ओढ्याची घळ, बाभळीची गर्दी, उभ्या पिकाची कड अशा ठिकाणी कळप अरुंद होतो आणि मागे राहिलेले कोकरू नजरेआड होते, हे धनगरांना ठाऊक असते. म्हणून अशा जागेवरून जाताना एक माणूस पुढे आणि एक कुत्र्यांसह मागे राहतो.